आत्यानं कापलेल्या कडा

माझी आत्या एकसष्टाव्या वर्षी परदेशातल्या एका खेड्यात राहायला गेली, आणि आमच्या घरात कुणालाच ते खरं वाटलं नाही. विमानतळावर तिला सोडून परत येताना बाबा गाडीत म्हणत होते, "आठ दिवसांत परत येते बघ. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही."

अकरा महिने झाले. आली नाही.

आत्यानं बत्तीस वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं बांधली. फाटलेलं पुस्तक उसवायचं, फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, परत शिवायचे, खळ लावायची, दाबाखाली ठेवायचं, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा. बत्तीस वर्षं हेच. लग्न केलं नाही. बाबांना मात्र तिनंच वाढवलं, आजी लवकर गेली म्हणून. रिटायर झाल्यावर घरी शेजाऱ्यांची पुस्तकं बांधायची, आणि एक दिवस खळ सांडू नये म्हणून टेबलावर पसरलेल्या जुन्या पेपरात तिनं एक बातमी वाचली. कुठल्यातरी देशात एकाहत्तर माणसांचं एक खेडं आहे, तरुण पोरं शहरात निघून गेली, घरं रिकामी पडली, तर हाताचं काम येणाऱ्या माणसानं यावं, वर्षभर राहावं, घर फुकट. वर्षानंतर गावानं पत्र दिलं तर पुढं पाच वर्षं राहता येईल. नाही दिलं तर सामान उचलायचं. झालं. आत्यानं कुणाला न विचारता अर्ज केला.

मला तर मूळ प्रश्नच सुटत नव्हता. का? इथं काय कमी होतं? फोनवर विचारलं की म्हणायची, "अगं, इथं हवा छान आहे." हवेसाठी कोणी घर सोडतं का!

मग सुट्टी लागल्यावर बाबांनी मला पाठवलं. वीस दिवसांसाठी. आणि जाताना हातात एक पाकीट दिलं. त्यात आत्याचं परतीचं तिकीट होतं, माझ्याच विमानाचं, माझ्या शेजारच्या सीटचं. "तिला आधी सांगू नकोस," बाबा म्हणाले. "शेवटी सांग. तोपर्यंत ते पत्र काही मिळत नाही तिला. तिला तिथली भाषा येत नाही, कोण देणारे पत्र?" आणि मग थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत, "भिंगरी, घेऊन ये गं तिला."

मला घरात सगळे भिंगरी म्हणतात. कारण सांगायला नको.

बसनं उतरवलं तेव्हा स्टॉपवर आत्या उभी होती, पायात कुणाचेतरी पुरुषी बूट आणि हाताला वाळलेली खळ. मिठी मारली तर तोच वास. मी लगेच रडले. ती म्हणाली, "आता बॅग उचल, रडायला वीस दिवस आहेत."

गाव म्हणजे एक चढाचा रस्ता. दोन्हीकडे दगडी घरं, त्यातली निम्मी बंद. आत्याचं घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघराचं दार इतकं बुटकं की मी तीन दिवसांत चार वेळा कपाळ आपटून घेतलं. पुढच्या खोलीत खिडकीखाली मोठं टेबल, टेबलावर तिचा लोखंडी दाब. तो दाब तिनं विमानातून आणला होता, कपडे कमी करून! अकरा महिन्यांत तिनं शाळेची पुस्तकं बांधली, लोकांचे अल्बम बांधले, कुणाच्या आजोबांची वही बांधली. भिंतीवर कागद चिकटवलेले, त्यावर तिकडची अक्षरं आणि खाली मराठीत उच्चार. "दूध" येत होतं तिला, "उद्या" येत होतं, "बसा" येत होतं. पण वाचता अजून येत नव्हतं. छापलेलं कसंबसं लावायची, हातानं लिहिलेलं तर अजिबात नाही.

शेजारी एक आजी राहायची, तिच्याकडं चाळीसेक कोंबड्या. आत्या तिला कोंबडीवाली म्हणायची. ही मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत बोलायची, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. म्हणजे आत्या म्हणणार, "अगं, कालची अंडी बारीक होती हो," आणि कोंबडीवाली काहीतरी म्हणून कोंबड्यांकडं हात उडवणार. मी विचारलं, काय म्हणाली? आत्या म्हणाली, "दुसरं काय म्हणणार? कोंबडीला सांग म्हणाली."

आणि तिसरा माणूस पोस्टमन. साठीचा, उंच, भुवया पांढऱ्या. हा गावाचा पोस्टमनही आणि गावाचा प्रमुखही, म्हणजे पत्रं वाटणारा आणि पत्रावर शिक्का मारणारा एकच माणूस. तरुणपणी बारा वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता म्हणून इंग्रजी यायचं. आत्याला तो "बाई" याला त्यांच्याकडं जे म्हणतात ते म्हणायचा. आत्याची तोडकी इंग्रजी आणि त्याची जहाजावरची इंग्रजी, दोन्ही मिळून काम भागायचं.

मी पोचायच्या आदल्या आठवड्यात त्यानं आत्याकडं एक जाडजूड वही आणून दिली होती. त्याच्या वडिलांची. वडील वीस वर्षं रोजच्या हवामानाची नोंद ठेवायचे. पाऊस किती, वारा कुठून, थंडी किती. एका पानावर एक महिना, मागची बाजू कोरी. वहीचे टाके तुटले होते, पानं निखळली होती. "गावाची सभा आहे," तो म्हणाला होता. "तुमच्या पत्राचा निर्णय त्याच सभेत. ही वही सगळ्यांसमोर ठेवू. लोकांना बघू दे, तुम्ही काय करता."

म्हणजे परीक्षाच. आत्यानं जीव ओतला. मी बघत बसायचे. तिची बोटं सुईबरोबर आत जायची, बाहेर यायची, दोरा ताणल्याचा बारीक आवाज. चौथ्या दिवशी वही शिवून, पाठीला खळ लावून, वाळून तयार झाली आणि तिनं ती दाबात आवळली. लांब पात्याची सुरी काढली. आता कडा.

पानांच्या बाहेरच्या कडेला, उभ्या बाजूनं, पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. वेडंवाकडं. जवळजवळ प्रत्येक पानावर. मी विचारलं, "आत्या, हे काय गं?"

"कडेला काय असणार?" ती पात्याला धार लावता लावता म्हणाली. "बत्तीस वर्षं पोरांची पुस्तकं बांधली मी. कडेला बाण मारलेले बदाम असतात, फोन नंबर असतात, 'हा प्रश्न येणार' असतं, आणि सरांची चित्रं असतात. तुझ्याही पुस्तकात असतील. आमचा नियम एकच. कडा एकसारख्या झाल्याशिवाय पुस्तक टेबलावरून उठायचं नाही."

आणि कापल्या. सुरी पुढं मागं, पुढं मागं, आणि बाहेरच्या कडेच्या दीड बोट रुंदीच्या लांब पट्ट्या शेवयांसारख्या खाली पडल्या. दोनशे चाळीस पानं, दोनशे चाळीस पट्ट्या. कड अशी गुळगुळीत झाली की मी गाल लावून बघितला.

कोंबडीवाली अंडी द्यायला आली होती. तिनं पट्ट्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं, मग कोंबडी बसल्यासारखं करून दाखवलं. खुराड्यात अंथरायला हव्या होत्या. आत्या जरा थांबली. मीच, मीच उचलल्या ढीगभर आणि तिच्या बादलीत कोंबल्या. "घेऊन जाऊ दे ना आत्या, कचराच आहे!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

दोन दिवसांनी पोस्टमन आला. निळ्या कापडाची नवी बांधणी बघून त्यानं आधी वही नुसती हातावर तोलली. हसला. मग उघडली. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग भराभरा उलटायला लागला, मागून पुढं, पुढून मागं, आणि अंगठ्यानं कड चाचपायला लागला.

"माझी आई कुठंय?" तो म्हणाला.

आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं कड दाखवली. परत म्हणाला, "इथं माझी आई होती."

मग हळूहळू कळलं. रकाने वडिलांचे. वडील तिला रकान्यात काही लिहू द्यायचे नाहीत, सरकारी पद्धतीची नोंद म्हणे. तर ती महिना संपला की कडेला एक ओळ लिहायची. वीस वर्षं, महिन्याला एक ओळ. वडिलांना ते आवडायचं नाही, पण खोडलंही नाही कधी. तिच्या हातचं दुसरं काहीच उरलेलं नाही. फोटोसुद्धा एकच, त्यात ती हललेली.

आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिनं खुर्ची धरली आणि मराठीतच म्हणाली, "मी विचारलं नाही हो. मी विचारायला हवं होतं." मी भाषांतर केलं. त्यानं वही मिटली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दार नीट लावून गेला, तेच जास्त लागलं.

मी काय केलं? मी रडायला लागले आणि रडता रडता बोलून बसले, "जाऊ दे आत्या, नाहीतरी बाबांनी तुझं तिकीट काढलंय. माझ्याकडं आहे. चल आपण घरी जाऊ."

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. "कधीचं आहे?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, दोन आठवड्यांनंतरचं. "मग चौदा दिवस आहेत," ती म्हणाली आणि पुरुषी बूट चढवून बाहेर पडली. मी मागं.

खुराड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा शिरले. कोंबडीवालीला काय झालं ते सांगायला आत्यानं वही दाखवली, कड दाखवली, हातानं सुरी दाखवली. त्या बाईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. आणि मग ती माझ्याही आधी गुडघ्यावर बसली. एकेक कोंबडी उचलायची, तिला ती काहीतरी समजावायची, खालून पट्टी काढायची. कोंबड्यांनी बोचकारलं, पिसं नाकात गेली. काही पट्ट्या ओल्या, काही फाटलेल्या, काहींवर जे असायचं ते होतं. एक कोंबडी तर उठेचना, अंड्यावर बसलेली. आत्या तिच्यासमोर बसून म्हणाली, "अगं बाई, तुझं मूल तुझ्याजवळ राहू दे, दुसऱ्याच्या आईला सोड." मला एवढ्यातही हसू आलं.

दोनशे तेरा मिळाल्या. सत्तावीस नाही मिळाल्या. मूठभर पट्ट्यांनी कोंबडीवालीनं त्याच सकाळी चूल पेटवली होती. ती ते हातवाऱ्यांनी सांगताना चुलीकडं बघतच नव्हती.

मग सुरू झालं ते काम. मऊ ब्रशनं पट्ट्या साफ करायच्या, खिडकीत वाळवायच्या, आणि कुठली पट्टी कुठल्या पानाची ते शोधायचं. आत्याला वाचता येत नव्हतं, पण कागद वाचता यायचा! पानावर चहाचा डाग अर्धा असेल तर उरलेला अर्धा पट्टीवर. वहीच्या निळ्या ओळी पट्टीवर जिथं येतात तिथंच पानावर जुळल्या पाहिजेत. वाळवीचं भोक, शाईचा थेंब, घडीची रेघ. पट्टी पानाला लावायची, वर-खाली सरकवायची, आणि एका क्षणी ती म्हणायची, "हं, बसली." मी दिवसभरात दोन जुळवल्या तर ती अठरा.

पण काही पट्ट्यांवर डाग, भोक, काही खूणच नव्हती. त्या कशा लावायच्या? तिसऱ्या दिवशी आत्या स्वतः पोस्टमनच्या घरी गेली, मला घेऊन. दारातच पट्ट्यांचं तबक पुढं केलं. तिला आदल्या संध्याकाळी मी इंग्रजीत एक वाक्य पाठ करून दिलं होतं, ते तिनं म्हटलं, "मला वाचता येत नाही. तुम्ही वाचा." त्यानं तबकातली एक पट्टी उचलली, परत ठेवली. मग टोपी घेऊन निघाला.

त्यानं पहिली पट्टी घेतली, चष्मा लावला आणि वाचली. मग इंग्रजीत सांगितली. "नवरा लिहितो पाऊस सोळा मिलिमीटर. माझ्या बुटात याहून जास्त होता."

आम्ही पावसाचे महिने शोधायला लागलो. सोळा मिलिमीटर सापडलं! पट्टी लावली. बसली. आत्यानं टाळी वाजवली आणि मग एकदम हात खाली घेतले, आपण टाळी वाजवायच्या जागी नाही आहोत हे आठवून.

मग रोज तो पत्रं वाटून झाली की यायचा. त्या बाईला मी कधी बघितलं नाही पण मला ती कळायला लागली. "विहिरीचं झाकण गोठलं. कुऱ्हाडीनं फोडलं. नवरा आत बसून थंडी मोजत होता." तो महिना थंडीचा, सोपा. "धाकट्याला दात आला. मला चावला." मी विचारलं, धाकटा कोण? पोस्टमनच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या, कान लाल. आत्या म्हणाली, "विचारू नकोस, कळलं ना."

मी एकदा आत्याला परत विचारलं, पट्टीला खळ लावता लावता. "खरं सांग ना. का आलीस इथं?"

पातळ कागदाची चिकटपट्टी करून ती पट्टी पानाला जोडत होती, श्वास रोखून. मग म्हणाली, "तिथं सगळ्यांना मी माहीत होते गं. ताई काय म्हणेल, ताई काय खाईल, ताईला काय आवडतं. तुझ्या बाबाला तर माझ्याआधी माहीत असायचं. मला बघायचं होतं, कुणालाच माहीत नसलं तर मी कशी असते."

"मग कशी आहेस?"

"चूक करते," ती म्हणाली. "तिथं बत्तीस वर्षं एकही केली नाही असं वाटायचं. केल्याही असतील. तिथं कडेला काय लिहिलंय ते मला वाचता यायचं, म्हणून मी कधी वाचलंच नाही."

पट्ट्या जोडून वही जाड झाली, फुगली. निळे पुठ्ठे लहान पडले, नवे कापावे लागले. मिळाल्या नाहीत त्या सत्तावीस पानांना आत्यानं त्याच रुंदीच्या कोऱ्या पट्ट्या लावल्या, मुद्दाम पांढऱ्या कागदाच्या. मी म्हटलं, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळ्या कर, ओळखूही येणार नाही. ती म्हणाली, "ओळखू आलंच पाहिजे." आणि सगळं झाल्यावर कडा वाकड्या होत्या. एक पट्टी आत, एक बाहेर. आत्यानं सुरीकडं बघितलं. सुरी कापडात गुंडाळून ट्रंकेत टाकली. वही तशीच टेबलावरून उठली.

सभा माझ्या विमानाच्या दोन दिवस आधी, दुपारी, शाळेच्या वर्गात. बुटकी बाकं, त्यावर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन. आत्यानं बॅग भरून ठेवली होती. स्वतःची.

पोस्टमननं वही टेबलावर ठेवली आणि आत्या उठली. तिनं कुणी विचारायच्या आधीच सांगितलं. मी इंग्रजीत केलं, त्यानं त्यांच्या भाषेत केलं. "ही वही मी कापली. कडेला काय आहे ते मी विचारलं नाही. सत्तावीस ओळी आता नाहीत. पत्र द्यायचं की नाही ते हे ऐकून ठरवा." तो ते सांगताना एकदा अडखळला, पण सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

मग मागून कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि त्यानं वही उघडून एक ओळ वाचली. लोक हसले. दुसरी वाच म्हणाले. बुटातला पाऊस वाचला तेव्हा एक म्हातारा बाकावरून घसरला. सगळे उठून टेबलाभोवती आले, कुणी म्हणे माझ्या आईबद्दल काय लिहिलंय, कुणी म्हणे आमचं छप्पर उडालं तो महिना काढ. मी कोपऱ्यातून बघत होते.

आणि मग एक कोरी पट्टी आली. त्यानं पान उलटलं नाही. काय झालं, तिथं कोण काय बोललं, ते मला निघायच्या सकाळी त्यानंच सांगितलं. तो जहाजावर गेला तो महिना होता. आईनं त्या महिन्यात काय लिहिलं ते त्यानं कधीच वाचलं नव्हतं. वही हातात होती, कधीही वाचता आलं असतं, पण त्यानं ते ठेवून दिलं होतं, पुढं कधीतरी म्हणून.

त्याचा अंगठा त्या कोऱ्या पट्टीवरच होता. तेव्हा कोंबडीवाली बोलली. मागून, बसल्या बसल्या. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन गावात आली होती. म्हणाली, "तू गेल्यावर तुझी आई माझ्या सासूकडं अंडी घ्यायला यायची. आधी रोज चार न्यायची. तू गेलास तरी चारच न्यायची. सासूनं विचारलं, एक कमी कर ना आता. म्हणाली, नको, सवय मोडेल."

पोस्टमन तिला म्हणाला, परत सांग. तिनं परत सांगितलं. त्यानं वही मिटली, काखेत घेतली आणि तो घरी गेला. बाकीचेही हळूहळू उठले. पत्राचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही! मी तडफडले, आत्याचा हात ओढला, अगं विचार ना! ती म्हणाली, "आता नाही विचारायचं."

दुसरा दिवस गेला. काही नाही. आत्यानं भिंतीवरचे अक्षरांचे कागद काढून त्यांची चवड केली.

निघायच्या सकाळी साडेआठला दार वाजलं. पोस्टमन. पोस्टाची टोपी, पोस्टाची पिशवी. रोज सरळ आत येणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा. आत्याला पाकीट दिलं, रजिस्टर पत्राची सही घेतली, मग तिथंच थांबला. मी पाकीट हिसकावणारच होते. आत्यानं फोडलं आणि मला दिलं. अर्धा छापलेला कागद होता, खाली शिक्का. छापलेला पाचाचा आकडा खोडून हातानं एकाचा लिहिला होता. आणि पत्राच्या कडेला, उभं, पेन्सिलीनं काहीतरी.

"फक्त एक वर्ष?" मी एकदम बोलले. "पाच द्यायची असतात!"

"माझ्याकडं वडिलांच्या अजून चार वह्या आहेत, हिशोबाच्या," तो म्हणाला. "एका वर्षात होतील. मग बघू."

"आणि कडेला काय लिहिलंय?"

तो आत्याकडं बघून म्हणाला, "ते त्या वाचतील. शिकल्यावर."

आत्यानं पत्र दोन्ही हातांत धरलं आणि "बसा" म्हणाली, त्यांच्या भाषेत. तो बसला नाही. अजून तेवढं माफ झालं नव्हतं. पण जाताना त्यानं अंगठ्यानं दाराची चौकट दोनदा ठोकली.

मी एकटीच परतले. शेजारची सीट रिकामी होती, मी तिच्यावर पाय पसरून रडले आणि मग झोपले.

बाबा विमानतळावर माझ्या मागं बघत होते. मी जवळ गेले तरी मागंच बघत होते. मी गाडीत सगळं सांगितलं, कोंबड्या, पट्ट्या, अंडी, सगळं, श्वास न घेता. मला वाटलं, आता बाबा रागावतील. तिकिटाचं विचारतील. सिग्नलला गाडी थांबली.

"तो पातळ कागद," बाबा म्हणाले. "जोडायला लागतो तो. तिकडं मिळतो का तिला?"

"संपत आलाय म्हणाली."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला. बाबांनी गाडी घराकडं न वळवता सरळ घेतली, कागदवाल्यांच्या गल्लीच्या दिशेनं.

"जाडी किती म्हणाली?"